कामांच्या गर्दीत देवाचा हेतू: नव्या विश्वासणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

बाप्तिस्मा होऊन वर्ष-सहा महिने झालेल्या विश्वासणाऱ्याला आध्यात्मिक जीवन कसे चालले आहे असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर कानी पडते: वेळच मिळत नाही. त्यात खोटे काही नसते. पहाटेची लोकल किंवा कंपनीची बस, तीन पाळ्यांची ड्युटी, मुलांच्या शाळा आणि शिकवण्या, घरातल्या वडीलधाऱ्यांचे औषधपाणी, गावाकडची लग्ने, हे सारे आधीपासून असतेच. त्यात मंडळीत आल्यावर बुधवारची कॉटेज प्रार्थना (कोणाच्या तरी घरी होणारी प्रार्थनासभा), शुक्रवारची उपवास प्रार्थना, शनिवारी गायकवर्गाचा सराव आणि रविवारची शाळा यांची भर पडते. नवा माणूस उत्साही असतो, नाही म्हणायला लाजतो, आणि मंडळीला तर हात हवेच असतात. मग वर्षभरात त्याच्याकडे तीन जबाबदाऱ्या येतात आणि घरी शांतपणे पवित्र शास्त्र उघडून बसणे मागे पडते.

अशा वेळी सहसा सल्ला मिळतो तो नीट वेळापत्रक आखण्याचा. वेळापत्रक उपयोगी आहे, पण सगळी कामे तशीच ठेवून त्यांची केवळ फेरमांडणी केली, तर माणूस अधिक शिस्तीने दमतो, इतकेच. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय येथे अधिक नेमकी वाट दाखवतो. कफर्णहूमात शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याचा, दिवस सूर्यास्ताला संपताच सारे गाव शिमोनाच्या दाराशी गोळा झाले, आणि येशूने पुष्कळ आजाऱ्यांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांत जागी प्रार्थनेला गेला. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत आले आणि सगळे लोक आपली वाट पाहत आहेत असे त्यांनी सांगितले. गरज खरी होती, लोक तळमळत होते, मागणीही रास्त होती. तरी येशूने उत्तर दिले की आपण उपदेश करायला जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, कारण त्यासाठीच तो निघून आला होता (मार्क 1:32–38). तो नकार प्रार्थनेतून उठल्यावर आलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. एकांतातली प्रार्थना म्हणजे कामांच्या यादीत घातलेले आणखी एक काम नव्हे. ती यादी छाटली जाते ती याच जागी. पुढच्या सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: एका आठवड्याचा हिशेब

काहीही बदलण्यापूर्वी सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवावी आणि जागेपणीचा वेळ कशात गेला याची साधी नोंद करावी. मिनिटामिनिटाचा हिशेब नको. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार भाग पुरेत. मोबाइलचा वेळ मात्र अंदाजाने लिहू नये. फोनच्या सेटिंगमध्ये दिवसाचा वापर तासांत दिसतो, तोच आकडा उतरवून घ्यावा, कारण या बाबतीत आपला अंदाज जवळजवळ नेहमीच आपल्या बाजूने झुकलेला असतो.

नोंदीपुढे आणखी एक रकाना असावा, आणि माझ्या मते वहीतला सर्वांत मोलाचा रकाना तोच: हे काम मी का स्वीकारले? पोटापाण्यासाठी, घरच्यांसाठी, मनापासून, की लाजेखातर, लोक काय म्हणतील या धास्तीने, दुसऱ्या कोणाला ते नीट जमणार नाही अशा समजुतीने? आठवड्याच्या शेवटी हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, की धावपळीचे मूळ कामांच्या संख्येत किती आणि मनात किती, याचा अंदाज येतो.

जुन्या करारात या संदर्भात एक लहानशी गोष्ट आहे, ती सहसा प्रवचनांत येत नाही. एका संदेष्ट्याने अहाब राजाला सांगितलेल्या कथेत एका माणसाच्या हवाली एक कैदी केलेला असतो आणि त्याला जिवापाड सांभाळण्याचा हुकूम असतो. पण हा माणूस इकडेतिकडे कामात गुंतलेला असताना कैदी निसटून जातो (1 राजे 20:39–40). तो झोपला नव्हता, आळशीही नव्हता. नेमून दिलेले एक काम सोडून बाकी सगळे तो करत होता. वही वाचताना ही गोष्ट जवळ ठेवावी.

दुसरी पायरी: हेतू शोधण्याआधी माहीत असलेला हेतू लिहून काढणे

देवाचा आपल्यासाठी काहीतरी गुप्त आराखडा आहे, तो एखाद्या दिवशी स्वप्नातून किंवा एखाद्या सुवार्तिकाच्या तोंडून कळेल आणि मग आपले खरे जीवन सुरू होईल, अशी कल्पना नव्या विश्वासणाऱ्यांत फार आढळते. तिच्यामुळे माणूस एकतर वर्षानुवर्षे वाट पाहत बसतो किंवा प्रत्येक सभा, शिबिर आणि उपवास प्रार्थनेमागे धावत राहतो. वास्तविक देवाच्या हेतूचा फार मोठा भाग आधीच उघड करून सांगितलेला आहे. देवावर सर्व अंतःकरणाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे (मत्तय 22:37–40), नीतीने वागणे, आवडीने दया करणे व देवासमोर नम्रतेने चालणे (मीखा 6:8), पवित्रतेत वाढणे (1 थेस्सल 4:3), लोकांना शिष्य करणे (मत्तय 28:19–20), हे सर्वांसाठी आहे; त्यासाठी वेगळ्या दर्शनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

उरलेला भाग प्रत्येकाचा निराळा असतो. देवाने आधीच योजून ठेवलेली सत्कर्मे आपण करावीत म्हणून आपल्याला घडवले, असे पौल लिहितो (इफिस 2:10), आणि ती सत्कर्मे बहुधा आपण आज जेथे उभे आहोत तेथूनच सुरू होतात. म्हणून वहीच्या नव्या पानावर आपली नाती आणि जागा लिहाव्यात: पती किंवा पत्नी, मुलगा किंवा मुलगी, आई-बाप, कामगार, शेजारी, मंडळीचा सभासद. प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहावे की या जागी देवाला माझ्याकडून या वर्षी काय हवे आहे असे मला वाटते. वाक्य मोठे नसावे. दहावीतल्या मुलाबरोबर रोज रात्रीचे जेवण, हेही अशा पानावर शोभते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवले आहे, असे म्हणून कोणी नोकरी सोडायला, लग्न ठरवायला किंवा पैसे द्यायला सांगत असेल, तर लगेच होकार देऊ नये. संदेशांचा धिक्कार करू नका असे सांगतानाच पौल सर्व गोष्टींची पारख करण्यासही सांगतो (1 थेस्सल 5:20–21). अशी पारख शास्त्र, मंडळीतली अनुभवी माणसे आणि थोडा काळ यांच्या साहाय्याने होते. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारण्याचे काम हाती घेतले, हे उदाहरण अनेकांना भुरळ घालते. पण त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा होता आणि मधली सुमारे बावीस वर्षे शिकवण्यात, लिहिण्यात आणि सेवेत गेलेली होती, हे राजीनामा लिहिण्याआधी आठवावे.

तिसरी पायरी: रोजचा एकांत, आणि त्याच्या शेवटी उघडी यादी

सुरुवातीला वीस मिनिटे पुरतात. तासाभराचा संकल्प करून चौथ्या दिवशी तो मोडण्यापेक्षा वीस मिनिटे वर्षभर चालणे बरे. वेळ पहाटेचीच हवी असा नियम नाही. येशू पहाटे उठला तसा रात्रभर प्रार्थनेतही राहिला (लूक 6:12). रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला सकाळी घरी येऊन अंघोळ झाल्यावरची वीस मिनिटे सोयीची पडतील, तर नळाला पहाटे पाणी येणाऱ्या घरातल्या गृहिणीला सगळे बाहेर पडल्यानंतरची. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील तर जागेचा प्रश्न वेळेपेक्षा अवघड असतो. इमारतीची गच्ची, उघडे असलेले उपासनामंदिर, कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर हजेरी लागण्यापूर्वीचा बाक, किंवा पहिल्या स्थानकावर बसायला मिळत असेल तर लोकलमधली खिडकीची जागा, यांपैकी एक ठरवून तीच धरून ठेवावी.

वाचनासाठी मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. सोळाच अध्याय आहेत. रोज अर्धा वाचला तरी महिन्याभरात ते पुरे होते. त्यानंतर स्तोत्रे घ्यावीत. रोमन कॅथलिक वाचकांना मिस्साची दैनिक वाचने तयार मिळतात, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरत नाही. शक्यतो छापील पवित्र शास्त्र वापरावे. मोबाइलवर वाचणे चुकीचे नाही, पण योहानाचा तिसरा अध्याय वाचत असताना वरून सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा वाद उतरू लागला, की त्या अध्यायात रात्री येशूकडे आलेला निकदेम तेथेच राहतो. मोबाइलच वापरायचा असेल तर निदान इंटरनेट बंद करावे.

क्रम असा ठेवता येईल. दोन मिनिटे गप्प बसावे. उतारा सावकाश, जमल्यास पुटपुटत, दोनदा वाचावा. त्यात देव कसा दिसतो आणि मला काय करायला सांगितले आहे, हे दोनच प्रश्न विचारावेत व उत्तर एका ओळीत लिहावे. मग आपल्या शब्दांत प्रार्थना करावी. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र किंवा ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एखादे गीत वाचले तरी चालते.

शेवटची पाच मिनिटे मात्र एका खास कामासाठी राखावीत, आणि ती वगळू नयेत. त्या दिवसाची कामांची यादी देवापुढे उघडी ठेवावी आणि एकेका ओळीवर थांबून विचारावे: हे आज माझे आहे का? समजा, एका परिचारिकेच्या यादीत दुपारच्या पाळीआधी इतक्या गोष्टी आहेत: बँकेत केवायसी, सासूबाईंची रक्ततपासणी, महिला मंडळाच्या सहलीच्या पैशांची जमवाजमव, मुलीचा गणिताचा धडा, आजारी शेजारणीकडे भेट, संध्याकाळच्या कॉटेज प्रार्थनेसाठी वीस जणांचा चहा-नाश्ता. रक्ततपासणी टाळता येत नाही, धडाही नाही. केवायसीला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. सहलीचे पैसे गोळा करणे तिच्याकडे केवळ गेल्या वर्षी तिने केले म्हणून आलेले आहे. तो एक फोन करून दुसरीकडे देता येईल. नाश्त्याऐवजी नुसता चहा ठेवला तर कोणी उठून जाणार नाही. मग शेजारणीजवळ बसायला अर्धा तास निघतो, आणि यादीत सर्वांत खाली सरकलेली ती भेटच कदाचित त्या दिवशी देवाने नेमलेली असते.

असे रोज घडणार नाही. काही दिवशी यादी जशी होती तशीच राहते. पण महिनाभर हा सराव झाला की कोणती कामे वारंवार प्रश्नचिन्हापाशी थांबतात ते दिसू लागते, आणि पुढची पायरी त्यांच्यासाठीच आहे.

चौथी पायरी: आदराने दिलेला नकार

आपल्याकडे नकार देणे हा उद्धटपणा मानला जातो, आणि मंडळीत तर तो अविश्वासही मानला जाण्याची भीती असते. म्हणून माणसे हो म्हणतात आणि मग येत नाहीत, किंवा येतात आणि कुरकुरतात. बेथानीतल्या मार्थेची गोष्ट येथे सर्रास सांगितली जाते, परंतु ती पुष्कळदा मार्थेवर अन्याय करून सांगितली जाते. येशू घरी आला असताना बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि ती कामाला हात लावत नाही अशी तक्रार मार्थेने केली. येशूने तिला स्वयंपाक सोडायला सांगितले नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी व दगदग करते आहे हे त्याने दाखवून दिले (लूक 10:38–42). पुढे योहानाच्या बाराव्या अध्यायात, वल्हांडणाच्या सहा दिवस आधीच्या भोजनाच्या वेळी, मार्था वाढतेच आहे, पण तेथे बहिणीविषयी तक्रार नाही. सेवा तशीच राहिली आणि दगदग गेली, असे तेथे वाचता येते, आणि नव्या विश्वासणाऱ्याने धरायचे ध्येय हेच आहे.

नकार कसा द्यावा हे नहेम्याकडून शिकावे. यरुशलेमेची भिंत पुन्हा बांधण्याचे काम चालू असताना विरोधकांनी त्याला चार वेळा भेटीला बोलावले आणि चारही वेळा त्याने तेच उत्तर पाठवले, की मी मोठ्या कामात आहे, खाली येता येत नाही (नहेम्या 6:3–4). लांबलचक सबबी नाहीत, चिडणे नाही. अर्थात मंडळीतील माणसे आपले शत्रू नव्हेत, म्हणून त्यांच्याशी बोलताना नकाराबरोबर काय जमेल तेही सांगावे. उदाहरणार्थ: “पाळकसाहेब, या वर्षी मी रविवारच्या शाळेचा लहान मुलांचा वर्ग मनापासून घेईन. नाताळच्या नाटिकेची जबाबदारी मात्र मला झेपणार नाही. दुसरे कोणी मिळेपर्यंत महिनाभर मी मदतीला उभा राहीन.” हे समक्ष, उपासनेनंतरच्या गर्दीत नव्हे तर वेळ मागून, सांगावे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नकार वाचणाऱ्याच्या मनात त्याच्या त्याच्या सुरात वाजतो.

कोणत्या गोष्टींना नकार देऊ नये, हेही तितकेच सांगितले पाहिजे. आई-बापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावले (मत्तय 15:3–6). सभेला जायचे म्हणून आजारी बायकोला एकटी टाकून जाणारा माणूस देवाच्या हेतूकडे चाललेला नसतो. तसेच प्रत्येक व्यत्यय म्हणजे अडथळा नव्हे. याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईने निघालेला येशू वाटेत रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या स्त्रीसाठी थांबला (मार्क 5:21–43). कफर्णहूमात तो थांबला नाही आणि येथे थांबला. यासाठी कोणताही ठरीव नियम देता येत नाही, आणि म्हणूनच तिसरी पायरी वगळून चौथीवर उडी मारता येत नाही.

पाचवी पायरी: भार वाटून देणे

काही कामे सोडता येत नाहीत, पण एकट्याने वाहायचीही नसतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे निवाडे करत बसलेल्या मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, तू करतोस ते ठीक नाही असे स्पष्ट सांगितले आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमायला लावली (निर्गम 18:13–26). प्रेषितांनीही विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जण निवडून घेतले आणि स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा धरून ठेवली (प्रेषितांची कृत्ये 6:1–6). वाटपाचे काम हलके होते म्हणून नव्हे. त्यासाठी निवडलेल्या माणसांत स्तेफन होता, जो पुढे ख्रिस्तासाठी पहिला रक्तसाक्षी झाला.

महाराष्ट्रात याचे ठसठशीत उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया राहत होत्या. शेती, शाळा, स्वयंपाक, छापखाना असा अफाट व्याप होता. त्यातच रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. हे शक्य झाले, कारण त्यांची कन्या मनोरमाबाई आणि इतर सहकारी स्त्रिया रोजच्या कारभाराचा भार उचलत होत्या, आणि छापखान्यात अक्षरजुळणी करायला मुक्तीतल्याच स्त्रिया तयार झाल्या होत्या. काम दुसऱ्याला देणे म्हणजे ते त्याला शिकवणे, आणि सुरुवातीला ते आपल्याइतके चांगले होणार नाही हे सोसणे. बहुतेकांचे घोडे अडते ते याच दुसऱ्या गोष्टीपाशी.

घरातही हेच करावे. कौटुंबिक उपासना आईनेच घेतली पाहिजे असे नाही. दहा वर्षांचे मूल स्तोत्र वाचू शकते आणि वडील भांडी घासू शकतात.

सहावी पायरी: विसाव्याचा दिवस

इस्राएल लोक रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेले रोजचे अन्न, गोळा करत त्या दिवसांत देवाने सहाव्या दिवशी दुप्पट दिला, म्हणजे सातव्या दिवशी कोणाला बाहेर पडावे लागू नये (निर्गम 16:22–30). विसावा आदल्या दिवशीच्या तयारीवर उभा असतो. रविवारच्या जेवणाचे वाटण, मुलांचे कपडे, बाजारहाट शनिवारी उरकले तर रविवार मोकळा होतो. उपासनेनंतर लागोपाठ तीन कमिट्यांच्या सभा असतील तर त्यांतली एक तरी सोडावी. पोलीस, परिचारिका, हॉटेल कर्मचारी यांनी साप्ताहिक सुट्टीचा जो दिवस मिळेल त्यातला अर्धा दिवस तरी असा राखावा. त्या वेळात काय करायचे? झोपणे चालते. चालायला जाणे चालते. दमून झाडाखाली पडलेल्या एलीयाला देवदूताने आधी खायला दिले आणि पुन्हा झोपू दिले. प्रवासाची गोष्ट नंतर आली (1 राजे 19:5–8).

जे सुटत नाही त्याविषयी

दोन पाळ्या केल्याशिवाय ज्यांचे घर चालत नाही, किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांनी वरील पायऱ्या वाचून स्वतःला दोषी ठरवू नये. त्यांच्या यादीतून फारसे काही निघणार नाही. पौलाने जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असे लिहिले (कलस्सै 3:23), ते मोकळा वेळ असणाऱ्यांना उद्देशून नव्हते. त्या वाक्याचे पहिले श्रोते दास होते, ज्यांचा एक तासही त्यांच्या मालकीचा नव्हता. अशा विश्वासणाऱ्याने वीस मिनिटांचा हट्ट धरू नये. कामाच्या सुरुवातीला एक वचन मनात घ्यावे, दिवसभर ते घोळवावे, आणि मंडळीतल्या एखाद्या वडील व्यक्तीला आपली परिस्थिती मोकळेपणाने सांगावी, म्हणजे मंडळी त्याच्याकडे येईल. आणि शेजारच्या बाकावर असा कोणी बसत असेल, तर त्याच्या घरी आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन आजाऱ्याजवळ बसणे हे आपल्या मोकळ्या झालेल्या यादीत लिहायला हरकत नाही.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात फक्त वही आणि एकांत एवढेच धरावे. कोणतीही जबाबदारी सोडू नये, नवी घेऊही नये. दुसऱ्या महिन्यात वारंवार प्रश्नचिन्हाशी अडलेल्या कामांपैकी एकच निवडून ते सोडावे किंवा दुसऱ्याकडे सोपवावे. तिसऱ्या महिन्यात विसाव्याचा दिवस बसवावा. मध्ये आठवडाभर खंड पडला तर राहिलेले अध्याय भरून काढण्याच्या मागे लागू नये, जेथे थांबलो तेथून पुढे वाचावे. दर महिन्याला एकदा वही घेऊन अशा एका व्यक्तीजवळ बसावे जी आपल्याला नाही म्हणू शकते. पाळक, वडील मंडळी, किंवा आपल्याआधी दहा वर्षे याच वाटेने चाललेली एखादी मावशी.

सुरुवात केव्हा करावी असे विचाराल, तर माझा सल्ला जुलै किंवा ऑगस्टचा आहे. डिसेंबरात कॅरल फेऱ्या, नाताळची नाटिका, प्रीतिभोजन आणि वर्षअखेरची उपासना यांची एकच झुंबड उडते आणि त्या वेळी कोणालाही काही सोडता येत नाही. या कार्यक्रमांची पहिली सभा मात्र पुष्कळ मंडळ्यांत ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि नावे तेथेच लिहिली जातात. तोवर तीन महिन्यांची वही हातात असेल, तर कोणत्या एका कामापुढे आपले नाव लिहायचे हे त्या सभेला जाण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.